बंद गाडीतली टकटक

१

मोहनराव चेअरमन गाडीत मेले, तेव्हा गाडीभोवती निम्मं गाव बसलेलं होतं.

ही गोष्ट फौजदार सुंदररावांनी मला दोनदा सांगितली. पहिल्यांदा मी नीट ऐकली नाही असं त्यांना वाटलं. ऐकली होती, पण पटत नव्हती. आटलेल्या तलावाच्या पोटात सोसायटीची चारा छावणी. जनावरं, आणि जनावरांसोबत राहायला आलेली माणसं. मधोमध एकुलत्या एका बाभळीखाली चेअरमनची पांढरी गाडी, आणि मागच्या सीटवर बंद काचांच्या आत उकडून मेलेला माणूस. तेही भर दुपारी. आणि म्हणे कुणाला काही ऐकू आलं नाही.

मी राधाकिशन, विमा कंपनीचा सर्व्हेअर, राहणार केज. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खोटं बोलतो ते कंपनीला कळवायचं, हा माझा धंदा. त्यानं माझा स्वभाव बिघडला असं बायको म्हणते. मी म्हणतो, बिघडलेला होता म्हणूनच धंदा जमला. या वेळी कंपनीनं एवढंच विचारलं होतं, की गाडीत बाहेरून आवाजबंदीचं साहित्य बसवलंय, त्यानं काही बिघाड झाला का?

"बिघाड कसला? ड्रायव्हरनं मारलंय," सुंदरराव म्हणाले. "मोहनरावांची डावी बाजू लकव्यानं गेलेली. दुपारी जेवले की गाडीत मागं बसून झोपायचे. इंजिन चालू, एसी चालू, मोबाईल ड्रायव्हरकडं. ड्रायव्हर बिभीषण घरी जेवायला जायचा. त्या दिवशी परत आला तर इंजिन बंद आणि चेअरमन खलास. मागच्या दारांना लेकरांसाठी असतं ते कुलूप लावलेलं, म्हणजे दार आतून उघडत नाही. इंजिन बंद, म्हणजे काच उतरत नाही. जाताना किल्ली त्यानंच फिरवली. अजून काय पाहिजे?"

"आणि चेअरमननं आतून हाका मारल्या असतील त्या?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. गाडी आवाजबंद आहे. आतलं बाहेर येत नाही, असं सगळी छावणी सांगती."

बाहेर आलो तर ठाण्याच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. बिभीषणची आई, चंद्रभागाबाई. रडून झालेलं होतं. आता नुसती उभी होती.

"तुमी गाडीचे डागदर हाव म्हणं," ती म्हणाली. "मग गाडीलाच इचारा की साहेब, कुणी बंद केलती ते. माणसं तर कुणी बोलना झालीत."

२

गाडी ठाण्याच्या मागच्या आवारात उन्हात उभी होती. मी मागच्या सीटवर बसलो आणि दार ओढून घेतलं.

आवाजबंद गाड्या मी पाहिल्यात. पत्र्याला आतून जाड शीट चिकटवतात, म्हणजे पत्रा थरथरत नाही. वर फोम, खाली नमदा. टायरची घरघर आणि खडी उडाल्याचा तडतडाट निम्म्याहून कमी होतो. पुण्या-मुंबईचे लोक हे गाणी ऐकायला करतात. खड्ड्यांनी पोखरलेल्या धारूरच्या रस्त्यावर चेअरमनला हे कशाला लागलं, हे मला कळत नव्हतं.

दार लागलं आणि सगळं थांबलं. रस्त्यावरची एसटी, झाडावरचे कावळे, सगळं कुणीतरी दूर नेऊन ठेवलं. माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. मला ती शांतता अजिबात आवडली नाही. दोन-चार मिनिटांत शर्ट भिजला. मग मी काचेवर मूठ आपटली, आणि ठरल्याप्रमाणे "ओ हवालदार" म्हणून हाक मारली.

कुंपणापाशी उभ्या केलेल्या हवालदारानं लगेच हात वर केला.

मी काचेतून खुणेनं त्याला अजून लांब, वडापर्यंत पाठवलं आणि परत ठोकलं. परत हात वर झाला. त्यात नवल काहीच नव्हतं. शीट पत्र्याला लावतात, काचेला काय लावणार? रस्त्याची घरघर अडते, पण काचेवरची मूठ कशी अडेल? तलावाच्या उघड्या पोटात तर ती ठणठणीत ऐकू गेली असणार.

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं.

दार आतून उघडत नव्हतं, म्हणून हवालदार येईपर्यंत मी तसाच बसून होतो. तेवढ्यात कानाजवळ, अगदी डाव्या बाजूला आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा. टक्, टक्.

दाराबाहेर कुणी नव्हतं. आत तर मी एकटाच होतो.

३

घाबरलो होतो, हे कबूल करतो. घाबरलो म्हणूनच पाना घेऊन त्या दाराचं अस्तर उचकटलं. आतली शीट चांगल्या प्रतीची नव्हतीच. स्लॅब गळू नये म्हणून छतावर लावतात ती डांबरी शीट कापून चिकटवलेली होती. उन्हात डांबर मऊ झालं होतं आणि शीट कडेनं पत्र्यापासून सुटत होती. ती सुटली की पत्रा ताण सोडायचा आणि टक् असा आवाज यायचा. भूत डांबरी निघालं. मला हसू आलं, पण छावणीत गेल्यावर ते टिकलं नाही.

छावणीचा कारकून त्रिंबक मला खोपींमधून घेऊन निघाला. माणसं उठून बाजूला होत होती, पण नजर देत नव्हती. बाभळीखाली गाडीची जागा अजून मोकळी होती आणि तिच्या आसपास एकही जनावर बांधलेलं नव्हतं. चैत्राच्या उन्हात एकुलती एक सावली, आणि तिथं वासरूसुद्धा नाही.

"इथं कावून कुणी बसत नाही?" मी विचारलं.

त्रिंबक बाभळीपासून दोन पावलं मागं सरला. "साहेब, गाडी वाजायची. चेअरमन जायच्या आधीपसून. गाडीत कुणी नसलं तरी भर दुपारी टकटक. आमच्यातली जानकीबाई गेली ना, तवापसून."

"कोण जानकीबाई?"

"ह्या छबुबाईची सासू," म्हणून त्यानं शेवटच्या खोपीकडं बोट केलं आणि चालायला लागला.

पुढचं मोहनरावांच्या पुतण्यानं सांगितलं. भारत, सोसायटीचा व्हाइस चेअरमन. चुलत्याचं सुतक चालू, डोकं भादरलेलं, बोलणं मवाळ. जानकीबाईची गाय छावणीत मेली. त्या धक्क्यानं म्हातारी उन्हात फिरत राहिली आणि गाडीच्या सावलीला येऊन बसली ती तिथंच गेली. मग टकटक सुरू झाली. लोक हवालदिल झाले, तेव्हा चकलांब्याकडचा भगत भारतनंच आणला.

"भगतानं काय सांगितलं?"

"गाडी वाजली की पाठ फिरवून बसायचं. वळून बघायचं न्हाई, ओ द्यायची न्हाई. ओ दिली की ती माघं लागती." भारतनं सुस्कारा सोडला. "अडाणी लोक हायेत साहेब. त्यांच्या मनाला तेवढाच धीर."

म्हणजे मोहनराव आतून काच ठोकत होते, हाका मारत होते, आणि अख्खी छावणी त्यांच्याकडं पाठ करून बसली होती. लोक खोटं का बोलत होते तेही कळलं. भिऊन पाठ फिरवली होती. आता लाज वाटत होती.

पण किल्ली कुणी फिरवली?

संध्याकाळी ठाण्यात पंचनाम्याचे फोटो चाळताना एका फोटोवर मी थांबलो. गाडीच्या पुढच्या भागाखाली, जमिनीवर, एक जर्मनचं पातेलं होतं. त्यात पाणी होतं.

४

"पातेलं कुठंय?" मी सुंदररावांना विचारलं.

"कुठलं पातेलं? असेल कुणाचं तरी. आम्ही माणसाकडं बघत होतो, पातेल्याकडं नाही."

सुंदररावांना घेऊन मी कोठडीत बिभीषणला भेटलो. रुंद हाडाचा, पण चार दिवसांत खंगलेला माणूस. पातेल्याचा फोटो बघून तो थोडा सरळ बसला.

"एसीचं पाणी गळतं ना साहेब, थेंब थेंब. ते धरायला बाया भांडं ठिवायच्या, वासरापायी. चेअरमनला ते आवडायचं न्हाई. म्हून जेवायला निघायच्या आंदी मी गाडीखाली वाकून बघायचो आन् भांडं असलं तर बाजूला काढायचो. मी गेलो की परत ठिवायच्या. मला ठावं व्हतं, मी बोलत नसायचो."

"त्या दिवशी निघताना भांडं होतं?"

"न्हवतं. वाकून बघितलं व्हतं की."

मी सुंदररावांकडं वळलो. "म्हणजे पातेलं हा गेल्यावर ठेवलं गेलं. आणि त्यात पाणी साचलं. म्हणजे हा गेल्यावर बराच वेळ एसी चालू होता. किल्ली यानं फिरवली नाही."

"पाणी कुणी ओतलं असेल."

"सुंदरराव, टँकर आला नाही तर तिथं माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. गाडीखालच्या पातेल्यात पाणी कोण ओतील?"

सुंदररावांनी फोटो परत हातात घेतला. पण फोटोतलं पातेलं कोर्टात साक्ष देत नाही. ते ठेवणारं माणूस पाहिजे होतं. ते मिळालं नाही तर बिभीषण जन्मठेपेला जाणार, हे तिघांनाही दिसत होतं.

"अजून एक," मी बिभीषणला विचारलं, "मागच्या दारांचं कुलूप?"

"मला ठावंच न्हवतं. चेअरमनला मी भाईरून दार उघडून उचलून उतरवायचो. त्यांनी आतून दार कधी उघडलंच न्हाई." तो थोडा थांबला. "आन् गाडी आवाजबंद कावून केली ते इचारत असाल तर, जनावरं उपाशी हंबरायची ते त्यांना सोसत न्हवतं. तेवढ्यापायी केली. जानकीमावशी गेली त्या दिशी मी पुढं बसलेलो. मावशी काचेवर ठोकत व्हती, गायीला वैरण द्या म्हून. चेअरमन डोळे झाकून बसले. मला म्हनले, काच उघडू नको. मी न्हाई उघडली."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

रात्र व्हायच्या आत मी मोहनरावांच्या बायकोला भेटून आलो. रुक्मिणीबाई पदर सावरून ओसरीत बसल्या होत्या. आवाज अगदी खाली गेलेला.

"जानकीबाई गेल्यापसून त्यांना झोप न्हवती. गाडीतबी हंबरणं ऐकू येतंय म्हणायचे, घरातबी. मी म्हणायची, छावणीत जाऊच नका. तर म्हणायचे, तिथंच बसू दे मला. आवंदाच्या सभेत समद्यांपुढं सांगतो म्हणले, की वैरण कुजकी व्हती, म्हून जनावरं मेली."

"वैरण कोण आणायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "मला लेकरू न्हाई. भारतला मीच वाढवलंय," त्या म्हणाल्या. उत्तर तेवढंच मिळालं.

५

संशय आणि पुरावा यांत बीडचा अख्खा घाट असतो. भारतकडं कारण होतं. पण तो गोड बोलणारा, सुतकातला पुतण्या. त्याच्यावर बोट ठेवायला माझ्याकडं काय होतं? मी दुसऱ्या दिवशी बीडला गेलो आणि आवाजबंदीचं काम करणारं गॅरेज शोधून काढलं. मालक पंडित, पान खाऊन बोलणारा, अंगावर काही न येऊ देणारा माणूस. डांबरी शीटचं नाव काढताच तो आधी गाडीच ओळखेना. विमा कंपनीचं कार्ड दाखवल्यावर ओळख पटली.

"भारतराव म्हणले भारीची नको, हीच लाव. मी लावली. मी सांगितलं व्हतं त्यांना, उन्हाळ्यात ही सुटती. पत्रा वाजंल."

"सांगितलं होतं? कधी?"

"दोनदा. पहिल्यांदा लावताना. मग ते एकदा एकटेच गाडी घिऊन आले, ड्रायव्हर न्हवता. म्हणले, टकटक वाजती, लोक बिचकायलेत. मी दार खोलून दाखवलं त्यांना, ही बघा शीट सुटलेली. ठिवून जा, बदलून देतो म्हणलं. तर म्हणले, ऱ्हाऊ दे. वाजू दे."

"वाजू दे?"

"हां. म्हणले, फक्त मागच्या दारांचं लेकराचं कुलूप लावून दे. काका चालत्या गाडीत दार उघडत्यात."

मी तिथल्या लोखंडी स्टुलावर बसलो. लकवा झालेला माणूस, जो गाडीतून कधी आपल्या हातानं उतरला नाही, तो चालत्या गाडीत दार उघडतो म्हणे. आणि टकटक कशाची ते ज्याला दार खोलून दाखवलं, तोच माणूस गावी जाऊन भगत बोलावतो. छावणीत भूत नाही हे एकट्या भारतला ठाऊक होतं, आणि छावणीला पाठ फिरवायला त्यानंच शिकवलं. आधी लोकांचे कान बंद केले, मग दार.

पण "वाजू दे" म्हणणं हा गुन्हा नाही. किल्ली फिरवणारा हात कुणीतरी बघितलेला पाहिजे होता.

६

छावणीतल्या प्रत्येक खोपीला सोसायटीनं एकसारखं जर्मनचं पातेलं दिलेलं. ते खुंटीला, नाहीतर चुलीपाशी, पण सगळीकडं दिसत होतं. शेवटच्या खोपीत मात्र वासराला तेलाच्या कापलेल्या डब्यातून पाणी पाजत होते.

छबुबाई पस्तिशीची, काळीसावळी, हाडकुळी. तिच्या खोपीसमोर, उन्हात, चंद्रभागाबाई मांडी घालून बसली होती. ती काही मागत नव्हती, काही बोलतही नव्हती.

"पातेलं कुठं गेलं, छबुबाई?" मी विचारलं.

"हरवलं."

"गाडीखाली?"

तिनं डबा खाली ठेवला. वासरानं तो लगेच चाटायला घेतला.

"टाकून दिलं हिरीत," ती म्हणाली. "त्यातलं पाणी वासराला पाजवंना."

"सगळे टकटकीला भ्यायचे. तुम्ही गाडीपाशी कशा जायच्या?"

"माझी सासू व्हती ती. मला कशाला भिववंल?" तिनं चंद्रभागाबाईकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "भांडं माझं व्हतं हे हिला ठावं हाय, दोन दिसापसून अशी बसती साहेब. काय बोलत न्हाई. शिव्या तरी दे म्हणलं, तर तेबी न्हाई."

मी थांबलो. अशा वेळी घाई केली की माणूस मिटतं, एवढं या धंद्यात शिकलोय. तिची तीच बोलायला लागली.

"बिभीषण गेला तवा मी पातेलं ठिवलं. पाणी गळत व्हतं. मी हितं, खोपीच्या तोंडाशी बसले. मग भारतराव आले. पुढचं दार हळूच उघडलं, हात आत घातला, परत दार लोटून दिलं. चेअरमन झोपले व्हते. गाडीची धडधड थांबली, पाणी गळायचं थांबलं. भारतराव गेले दावणीकडं. मला वाटलं, झोपमोड हू नये म्हून बंद केली आसंल."

"मग?"

"मग ठोकाय लागले."

चंद्रभागाबाईनं मान वर केली.

"समद्यांनी पाठ फिरवली. त्यांना वाटलं, माझी सासू हाय. मीबी फिरवली." छबुबाईचा आवाज सपाट होता. "पर मला कळलं व्हतं. त्यो माणसाचा हात व्हता. मी वळून बघितलं साहेब. काचेला तळवा लावलेला. ते माझ्याकडंच बघत व्हते."

"आणि?"

"आन् मी परत पाठ केली. माझी सासूबी अशीच ठोकत व्हती की."

मग मी हळूच म्हणालो, "ठाण्यात एवढं सांगू नका. भारतला बघितलं आणि इंजिन बंद झालं, इतकं सांगा. बिभीषणला तेवढं पुरतं."

"न्हाई," ती उठत म्हणाली. "निम्मं सांगितलं तर ते निम्मंच खरं ऱ्हाईल."

केजच्या ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. तळव्याचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. सुंदररावांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तिच्या पाठोपाठ त्रिंबक आला आणि ऐकलं होतं म्हणाला. मग छावणीतले आणखी आले, कुणी टमटमनं, कुणी पायी, आणि सगळे खाली बघून तेच म्हणाले. पंडितनं पान थुंकून जबाब दिला. भारतला उचलला, तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. भूत होतं, सगळ्यांना ठाऊक आहे, भगताला विचारा, असं म्हणत राहिला. बिभीषण सुटला. त्याच्या आईनं त्याला धरलं तेव्हा मी तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरले होते आणि मला त्याची सवय नाही.

छबुबाई मात्र बाकावरून उठेना.

"जा आता बाई," सुंदरराव म्हणाले. "तुमचं काम झालं."

"मला आत घेत न्हाई का?"

"कशाबद्दल?"

"त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मी पाठ केली, त्याबद्दल."

सुंदररावांनी माझ्याकडं बघितलं. "त्याला कलम नाही, बाई," ते म्हणाले. शब्द मऊ होते, पण तिला ते लागले.

"कलम न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला विचारलं, "मग मी काय करू साहेब?"

एसटी स्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेलो, धारूरच्या गाडीत तिला खिडकीपाशी जागा करून दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिलो.